एका तारेवर तीन सुखं

हर्णे बंदर,
शनिवार, दुपारची जेवणं आटोपल्यावर

जयगडचे आमचे मानाचे व्याही धाकूशेठ आणि विहीणबाई गंगुबाई, दोघांनाही गंगाराम चोगले आणि सौ. आवडा यांचा वाकून नमस्कार. (पडद्यावरून नव्हे, कागदावरून. कागद बोलता बोलता मध्येच गोठत नाही, आणि आपण बोलणं थांबवलं की तोही थांबतो. एवढ्या दोन गुणांसाठी मी पुन्हा पोस्टाकडे वळलो आहे.)

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. धाकूशेठ, आपला गुडघा कसा आहे? मागे आपण तेल चोळत होतात, त्याने उतार पडला का? विहीणबाईंचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. आपल्या दोन्ही होड्या सुखरूप धक्क्याला लागत असतील. आणि ऋतिका वेळेवर जेवते ना? कामात डोकं घातलं की दुपारचं जेवण विसरायचं ही तिची शाळेपासूनची खोड. पाय सुजत नाहीत ना? तिला आंबट आवडतं, पण खोकला लवकर होतो. (हे सगळं आपल्याला माहीत असणार. आवडा शेजारी बसून सांगते आहे आणि मी लिहितो आहे.)

आता विषयाकडे येतो. मागे आपण जावईबापू नितेशरावांकडून विचारणा केली होती, की तुम्ही हर्णेला टीव्ही, इंटरनेट आणि नेटवरचा फोन असं सगळं एकत्र घेतलंत ते कसं चालतं, आमची लाईन जुनी झाली, आम्हीही तसंच घ्यावं का. त्याचं उत्तर द्यायचं राहून गेलं. मधल्या काळात काय घडलं ते आपण जाणताच. तरीही विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंच पाहिजे. मच्छीमार सोसायटीचा सचिव म्हणून मी उभा जन्म पत्रं लिहिली, धक्क्यावरच्या दिव्याबद्दल, डिझेलबद्दल, बंदरातल्या गाळाबद्दल. त्यातल्या बहुतेकांना वरून उत्तर आलं नाही, पण माझ्याकडून कधी कुणाचं पत्र अनुत्तरित राहिलेलं नाही. तेव्हा आपल्या विचारणेस अनुसरून सविस्तर कळवतो.

ऋतिका सासरी गेल्यावर आमचं घर एकाएकी फार मोठं झालं. आहेत त्याच दोन खोल्या, पण आवडा एका खोलीतून हाक मारायची आणि मला ती फार लांबून आल्यासारखी वाटायची. मोबाईलवर मुलीशी बोलायचं तर आमच्या घरात रेंज फक्त न्हाणीच्या दारात. तिथे आवडा एका पायावर उभी राहून "हॅलो, गो बाय, हॅलो" करायची आणि मुलीने काय सांगितलं असेल ते अंदाजाने मला सांगायची. एकदा तर तिने मला सांगितलं की जावईबापूंनी बंगला घेतला. तो बंगळूरचा दौरा निघाला. अशा अवस्थेत केबलवाला सूरज आमच्याकडे आला. "काका, एकच तार. तिच्यातून टीव्ही, तिच्यातून नेट, तिच्यातून फोन. एका तारेवर तीन सुखं. आणि टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा बसवला की तुमची ऋतिका भिंतीएवढी दिसेल." पहिली सगळी वाक्यं आवडाने ऐकली की नाही कोण जाणे. 'भिंतीएवढी दिसेल' हे ऐकलं आणि ती चहा ठेवायला उठली. तेव्हाच मी ओळखलं की तार आता येणार.

तार आली. छपरावरची टीव्हीची जुनी छत्री सूरजने उतरवली (तिच्यात आता शेजारी कोंबड्यांना पाणी ठेवतात), एक काळा डबा आला, एक पांढरा डबा आला, आणि एक फोन आला जो दिसायला जुन्या फोनसारखाच, पण वीज गेली की त्याचाही प्राण जातो. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते आपण लग्नाच्या पंगतीत पाहिलंच आहे. पूर्वी वीज गेली की कार्यालयात फोन करून तक्रार करता यायची. आता वीज आल्यावर, ती गेली होती म्हणून तक्रार करायची. सूरजला म्हटलं, तर तो म्हणाला, "वरून आहे काका." कुठलीही अडचण सांगा, ती त्याच्याकडे वरूनच आलेली असते. मीही सचिव होतो, मीही अनेकांना असंच सांगितलेलं आहे.

फोनला जो नवा नंबर मिळाला तो पूर्वी कुठल्यातरी लॉजचा असावा. जोडणी झाल्यावर माणसं फोन करून विचारायची, समुद्र दिसणारी खोली आहे का. मी नम्रपणे सांगायचो की समुद्र दिसतो, पण खोली नाही. एकदा मी धक्क्यावर मासळीच्या लिलावाला गेलो असताना आवडाने फोन घेतला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, जेवायला काय मिळेल. आवडाला वाटलं कुणी ओळखीची बाई सहज विचारते आहे, ती म्हणाली, "सुरमई आहे, या." संध्याकाळी कोल्हापूरचं एक कुटुंब सामानसुमान घेऊन ओट्यावर हजर. आता आलेल्या माणसाला परत कसं पाठवणार? जेवली, पंख्याखाली झोपली, सकाळी नाश्त्याला काय आहे विचारलं, आणि जाताना तक्रार केली की टीव्ही नीट लागत नाही. ही तक्रार खरी होती, म्हणून मी ऐकून घेतली.

टीव्हीचं सांगायचं तर त्याच्या रिमोटमध्ये बोलायची सोय आहे. बटण दाबून तोंडाने सांगायचं, तो शोधून लावतो. आवडाने पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने सांगितलं, "कोळीगीतं लाव." त्याने कोरियाची मालिका लावली. पुन्हा सांगितलं, तर दुसरी कोरियाची लावली. तिसऱ्यांदा तिने इतक्या मोठ्याने सांगितलं की शेजारची ईशा धावत आली, पण टीव्ही कोरियातच ठाम. शेवटी आवडा तीच मालिका बघायला लागली. तिकडची माणसं हिंदी बोलतात (कुणीतरी त्यांच्या तोंडात घातलेलं आहे) आणि सारखी जेवत असतात. तिथली सासू सुनेच्या पानात आधी मासा वाढते, एवढ्यावर आवडाने त्या देशाला पसंती दिली.

आता त्या रविवारचं. ज्याबद्दल लिहावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला, आणि लिहिलं नाही तर या पत्रात लिहिण्यासारखं काहीच नाही असं लक्षात आलं.

ऋतिकाला सातवा लागला की बाळंतपणाला हर्णेला आणायचं, हे आपण दोन्ही घरांनी आधीच ठरवलं होतं. त्याचा दिवस पक्का करायला आपण आम्हाला भेटलात, आमच्या भिंतीवर. नितेशरावांनी आपल्याकडे टीव्हीला मोबाईल जोडला होता, त्यामुळे आम्हीही आपल्याकडे भिंतीवर होतो. विहीणबाईंनी नेसलेलं जांभळं लुगडं फार शोभून दिसत होतं. ऋतिका मागे खुर्चीवर होती, तिने हात हलवला तेव्हा आवडाने पुढे होऊन पडद्यावरच्या तिच्या गालावरची धूळ पुसली. दिवस ठरला, ओटी भरून पाठवतो असं विहीणबाई म्हणाल्या, सगळं कसं गोडीने झालं. नमस्कार करून मी रिमोट उचलला आणि घराचं चित्र असलेलं बटण दाबलं. मला वाटलं, घराचं चित्र दाबलं म्हणजे पाहुणे त्यांच्या घरी, आपण आपल्या घरी. पडद्यावरून आपण गेलात आणि कोरियाची मालिका आली. त्या बटणाने माणूस फक्त दिसेनासा होतो, जात नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे आमच्या घरात जे बोलणं झालं ते आपल्या कानावर गेलं आहे. गैरसमज राहू नये म्हणून त्याचा खुलासा करतो. आपण पाठवलेल्या सुक्या बांगड्यांत 'मासा कमी आणि वाळू जास्त' असं आवडा म्हणाली, ते तक्रार म्हणून नव्हे. वाळूही चांगली, स्वच्छ किनाऱ्यावरची होती. मांजराने वास घेऊन तोंड फिरवलं हे खरं, पण ते मांजर मुळात आमचं नाही, शेजारच्यांचं आहे, आणि ते लाडावलेलं आहे. आपण वादळात होडी कशी परत आणली ती हकिगत सांगितल्यावर आवडाने जी नक्कल केली ती कौतुकाने केली. दर वेळी लाट थोडी उंच होते, असं जे मी म्हणालो, ते समुद्राच्या स्वभावाबद्दल म्हणालो. आणि शेवटी "एकदा पोरगी घरी येऊ दे, मग पावसाळाभर कोण पाठवतंय" हे माझं वाक्य. याचा खुलासा मला सुचलेला नाही. ते मनापासूनच बोललो होतो.

त्यावर मालिकेतल्या सासूच्या तोंडून पुरुषी आवाज आला, "गंगारामशेठ, मांजरासाठी थोडी ताजी मासळी पाठवू का?"

आवडा म्हणाली, "बघा, कोरियात पण तुमच्या नावाचा माणूस आहे." मीही क्षणभर तसंच समजलो. मग पुन्हा आवाज आला, "मी इथेच आहे." धाकूशेठ, आजवर माझ्या अंगाला एवढा घाम फुटलेला नाही. मी रिमोटवरची सगळी बटणं दाबली. आवाज वाढला, मालिका पुढे पळाली, एकदा क्रिकेट लागलं, पण आपण काही जाईनात. शेवटी आवडाने भिंतीतलं मुख्य बटण बंद केलं. पंखा, फ्रिज, फोन, सगळं एकदम थांबलं.

दुसऱ्या दिवशी क्षमा मागायची असं ठरवलं. मी लग्नातला पांढरा सदरा घातला, आवडाने डोक्यावर पदर घेतला, आणि पुन्हा जयगड लावलं. आवडाने हात जोडले, "विहीणबाई, माझं चुकलं" म्हणायला तोंड उघडलं, आणि नेमकी तिला शिंक आली. तिथेच नेट थांबलं. पुढे नितेशरावांकडून कळलं की आपल्या भिंतीवर आवडा हात जोडून, डोळे मिटून, तोंड वासून बराच वेळ तशीच उभी होती, आणि दारात आलेल्या एका शेजारणीने विचारलं की या बाई कुणाला वेडावतायत. सूरजला बोलावलं. तो म्हणाला, "वरून आहे काका."

त्यानंतर आपल्याकडून शब्द नाही. ठरलेला दिवस आला, आवडाने घावन्याचं पीठ भिजवलं, मी दाभोळच्या फेरीबोटीपर्यंत पुढे जाऊन थांबलो. तिथे मोबाईलवर जावईबापूंचा निरोप मिळाला की विहीणबाई म्हणतात रस्ता खराब आहे, मध्ये दोन फेरीबोटी, सावर्ड्यावरून फिरून यायचं तर हायवेची धूळ, तेव्हा पुढे बघू. रस्ता खराब आहे हे मी नाकारत नाही. पण तो लग्नाच्या आधीपासून तसाच आहे. मी जेटीवर बसून दोन-तीन फेऱ्या येताजाताना पाहिल्या. गाड्या उतरल्या, माणसं उतरली. एक पोटुशी बाई उतरली तेव्हा मी उठून उभासुद्धा राहिलो. मग घरी आलो. आवडाने पिठाचं पातेलं झाकून ठेवलं. रोज फोन करणारी ऋतिका आता मी लावला तर "बाबा, सांगते नंतर" एवढंच म्हणते आणि लाईन कापली जाते. लाईन कापली गेली की तिने कापली, हे आमच्या फोनवर ओळखता येत नाही. सगळ्यात वाईट भाग हाच आहे.

आवडाने त्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. म्हणाली, याच्यामुळे माझी पोरगी अडकली. मी म्हटलं, बरं केलंस. संध्याकाळी बघतो तर तिने स्वतःच नखाने ती पट्टी काढली होती. "तिने लावलाच फोन, आणि मी दिसले नाही तर?" म्हणाली. बाळाची दुपटी तिने धुऊन, उन्हात घालून, घड्या करून टीव्हीखालच्या फळीवर ठेवली आहेत. दुपारी ती बंद टीव्हीसमोर बसून त्याच घड्या मोडते आणि पुन्हा घालते. कोरियाची मालिका तिने सोडली. इतकी ती मला बोलते, पण या सगळ्यात मला एका शब्दाने बोलली नाही, त्यामुळे मला फार भीती वाटते. आठव्यात प्रवास करवत नाही. म्हणजे आता जे काही दिवस उरले आहेत, ते एवढेच.

तेव्हा, धाकूशेठ, आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर. माझी शिफारस विचाराल तर टीव्ही एकाकडून घ्या, नेट दुसऱ्याकडून, फोन तिसऱ्याकडून. तिघांची आपसात ओळख होऊ देऊ नका. तारेला वीज गेल्यावर चालणारी बॅटरी आहे का ते आधी विचारा. बिघाड झाला तर कोण येईल ते विचारा, आणि तो माणूस 'वरून' हा शब्द वापरतो का ते पाहा. बोलणं सुरू कसं करायचं ते सगळेच शिकवतात, बंद कसं करायचं ते शिकवेल अशाच माणसाकडून जोडणी घ्या. आणि कॅमेरा घेऊ नका. घेतलाच, तर त्याच्यासमोर फक्त आरती म्हणा.

लिहिताना कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घालावं. आम्हा नवराबायकोवर जो काही राग असेल तो खुशाल ठेवावा, आमची तक्रार नाही, तेवढी माया मात्र ऋतिकावर असू द्यावी.

आपला,
गंगाराम चोगले
(मा. सचिव)

ता. क. – वर एवढं लिहिलं, पण जे लिहायला बसलो होतो ते लिहायचं राहिलंच. आमच्या मुलीला बाळंतपणाला पाठवा. पावसाळाभर ठेवून घेणार नाही. आपण म्हणाल त्या दिवशी मी स्वतः परत आणून सोडेन. पाहिजे तर तसं सोसायटीच्या शिक्क्यानिशी लिहून देतो.

ता. क. दुसरा – आवडा म्हणते, बांगड्यांचं पुन्हा कशाला लिहिलंत, ते खोडा. खोडलं तर आणखी उठून दिसेल म्हणून तसंच ठेवलं आहे.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवून झालं होतं, पण पुन्हा उघडावं लागलं. आत्ता ईशा तिचा मोबाईल घेऊन पळत आली. ऋतिका होती. आमचा फोन लागत नाही म्हणून तिला लावला. आवडाने रडतच विचारलं, "तुला पाठवत नाहीत ना गो?" त्यावर आमची मुलगी म्हणाली, "आई, मला कुणी अडवलं नाही. मीच येत नाही म्हटलं."

ती पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते हे आपल्याला माहीत आहेच. ते काम नेटवर चालतं, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मागच्या खेपेला ती इकडे असताना साहेबांशी बोलता बोलता आमचं नेट गेलं, आणि साहेबांना वाटलं की हिने रागाने फोन आपटला. बाळंतपणाची रजा सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर हर्णेला येऊन काम कसं करू, असं तिचं म्हणणं. रस्त्याचं कारण तिनेच विहीणबाईंना सांगायला लावलं. "तुम्हाला त्या टीव्हीचं केवढं कौतुक, बाबा. खरं कसं सांगू?" आणि बांगड्यांबद्दल विचारलं तर ती हसायलाच लागली. ते विहीणबाईंच्या नणंदेने वाळवलेले होते म्हणे. विहीणबाई त्या दिवसापासून खूश आहेत, म्हणतात, 'इतकी वर्षं जे माझ्या ओठांवर होतं ते हर्णेच्या विहीणबाई बोलल्या.' शब्द आला नाही तो एवढ्याचसाठी, की त्या रविवारनंतर आपण लावलेला एकही फोन आमच्याकडे वाजला नाही.

तेव्हा वरचं सगळं पत्र रद्द समजावं. नव्याने लिहायला हवं होतं, पण पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली आहे. आपली लाईन अजिबात बदलू नये. उलट ती कोणती आहे, कोण जोडून देतं आणि हर्णेपर्यंत येते का, एवढं कृपा करून सांगावं. पत्राने कळवू नये, आठवा लागेल. फोन करू नये, वाजणार नाही. दोघं स्वतःच या. आणि ऋतिकाला बरोबर आणा, नेट बघायला म्हणून.